पिकअपच्या स्टेअरिंगचा आवाज: दीड महिन्याच्या नोंदी

गाडी २०१७ची, किलोमीटर १,८६,४००. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग (पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर हलकं फिरणारं), खाली रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दात्यांचा आडवा दांडा), पुढे कमानपाटे नाहीत, वर-खाली बॉल जॉइंट (गोळीचे फिरते सांधे) असलेलं सस्पेन्शन. वर्षभर कांदा, द्राक्षं, खतं, कधी टाक्या-पाइप असं सगळं हिच्यातच जातं. या नोंदी मी वहीत ठेवल्या होत्या, त्याच टाइप करतोय, कारण आवाज सुरू झाल्यावर ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, रॅक गेला, बदलून टाक. माझा रॅक गेलेला नव्हता. ज्याच्या गाडीत असाच आवाज येतोय त्याने पैसे काढायच्या आधी हे एकदा वाचावं एवढ्यासाठी सगळं लिहितोय, चुकलेलं पण.

३० नोव्हेंबर

आवाज खरं तर दिवाळीनंतरच चालू झालेला, पण तेव्हा लाल कांद्याची काढणी चालू होती म्हणून लक्ष दिलं नाही. आज पहाटे साडेपाचला गाडी चालू केली तर बोनेटमधून घूंऽऽ असा लांबलचक आवाज, मोठं जनावर कण्हतंय असा. निफाडची थंडी माहितीये सगळ्यांना, राज्यातला सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातच नोंदला जातो. म्हटलं थंडीमुळे असेल. लासलगावला पोचेपर्यंत तो आवाज बराच कमी झाला.

पण मार्केटमध्ये लिलावाच्या रांगेत वेगळंच सुरू झालं. तिथं गाडी हात-हातभर पुढे घ्यावी लागते, सारखं स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे. प्रत्येक वेळी टक्. टक्. आवाज कानाला कमी नि हाताला जास्त, स्टेअरिंगच्या चाकात बारीक झटका बसतो. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून सांगितलं की भाऊ, टायरॉड (रॅकला चाकाशी जोडणारा दांडा, त्याच्या टोकाचा सांधा तो एंड) बघून घे. त्याचं ऐकलं ते मला पुढे २,३१० रुपयांना पडलं. ते खाली येईलच.

२ डिसेंबर

आज फक्त वही घेऊन बसलो. ही एक गोष्ट मी सुरुवातीलाच नीट केली. आवाज कधी येतो कधी नाही ते लिहून काढलं:

गाडी थंड असताना घूंऽऽ येतो, रेस वाढवली की वाढतो, स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की सगळ्यात जास्त. अर्धा तास चालल्यावर कमी होतो पण पूर्ण जात नाही. इंजिन बंद, तर हा पण बंद.

टक् हा इंजिन बंद असताना पण येतो. उभ्या गाडीत नुसतं स्टेअरिंग हलवलं तरी. गाडी गरम असो थंड असो, फरक नाही. स्पीडब्रेकरवर एक चाक आधी चढलं की येतो. सरळ हायवेला ओझरपर्यंत एकदाही आला नाही.

म्हणजे दोन आवाज, दोन वेगळी कारणं. मी आधी दोन्हीला मिळून "स्टेअरिंगचा आवाज" म्हणत होतो आणि गॅरेजवाल्यालाही तसंच सांगणार होतो. तसं सांगितलं की समोरचा असा एकच पार्ट शोधतो ज्यातून दोन्ही आवाज येऊ शकतील, आणि तो रॅकच निघतो.

आणखी एक केलं, केबिन रिकामी केली. सीटमागचा जॅक, पाने, दोरखंड, डॅशबोर्डवरच्या पावत्या सगळं बाहेर. हौद्यातले क्रेट उतरवले, फाळक्याच्या कड्यांत चिंध्या कोंबल्या. निम्मा खडखडाट तिथंच गेला आणि उरलेला टक् स्वच्छ ऐकू यायला लागला.

४ डिसेंबर

इथं चुकलो. कांदा भरायचा होता, वेळ नव्हता, म्हणून रस्त्यावरच्या गॅरेजला गाडी लावली. मिस्त्रीने जॅकवर घेऊन चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं आणि म्हणाला, "किंचित प्ले (ढिलेपणा) आहे, दोन्ही एंड टाकून घ्या, गाडीचं वय झालंय." मी हो म्हटलं. स्वतः हात लावून बघितलं नाही. दोन टायरॉड एंड १,३६०, मजुरी ५००. एंड बदलले की अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करावीच लागते, नाहीतर टायर एका बाजूने खातो, त्याचे पिंपळगावला ४५०. मिळून २,३१० आणि अर्धा दिवस.

जुने एंड मात्र मागून घेतले. तुम्ही पण मागत जा, ते आपलेच असतात.

५ डिसेंबर

टक् जसाच्या तसा.

संध्याकाळी जुने दोन्ही एंड हातात घेऊन बघितले. बॉलचा दांडा अंगठ्याने ढकलला तर जोर लावल्याशिवाय हलत नव्हता, एकसारखा घट्ट फिरत होता, रबराचं बूट (सांध्यावरचं वेष्टन) फाटलेलं नाही, आत ग्रीस काळं पण ओलं. गेलेला एंड सैल पडतो, दांडा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. हे दोन्ही चांगले होते. खूप वाईट वाटलं. पैसे गेले ते गेले, पण मी आधीच वहीत लिहिलेलं होतं की आवाज हाताला जाणवतो आणि सरळ रस्त्याला येत नाही, ते त्या मिस्त्रीला वाचून दाखवलं असतं तरी कदाचित वेगळं झालं असतं.

८ डिसेंबर, रविवार

मार्केट बंद, दिवस मोकळा. आज घूंऽऽच्या मागे लागलो.

पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची डबी उघडली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. रंग मुळात लालसर असतो, माझं चहासारखं तपकिरी झालेलं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही, म्हणजे बहुतेक कधीच नाही. शेजारचे काका म्हणाले घरात ब्रेक ऑइल आहे ते टाक, दोन्ही ऑइलच. हे कधी करू नका. ब्रेक ऑइलने पंपाचे आणि रॅकचे सील फुगतात नि खराब होतात, मग खरोखरच रॅक बदलावा लागेल. आपल्या गाडीला कुठलं तेल ते डबीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या झाकणावर एटीएफ लिहिलंय, ऑटोमॅटिक गिअरवाल्या गाड्यांत जातं तेच लाल तेल. लिटरची बाटली ३८० रुपये. तीनशे मिली टाकलं, आवाज गेला. खूश होऊन गाडी झाकली.

११ डिसेंबर

तीन दिवसांत आवाज परत. तेलाची पातळी थोडीशीच उतरलेली. पण या वेळी इंजिन चालू ठेवून झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं, आणि डबीत फेस होता. ताकावर येतो तसा बारीक बुडबुड्यांचा फेस, गुलाबी-तपकिरी. तेलात हवा जात होती. हवा मिसळलेलं तेल पंपाला नीट दाबता येत नाही, त्याचाच तो कण्हण्याचा आवाज.

मग हवा कुठून जाते? मी गळती शोधत बसलो, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवला, सकाळी एकच पुसटसा डाग. इथं मला एक गोष्ट कळायला वेळ लागला. डबीतून पंपाकडे जाणारा जाड पाइप आहे ना, त्यात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तो सैल झाला की तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आतून पंप हवा पितो. पाइप डबीच्या नळीवरून काढायला गेलो तर नुसत्या हाताने फिरला. टोकाचं रबर दगडासारखं कडक, आतून तीन बारीक भेगा, नि क्लिप ती मूळची स्प्रिंगची, पार ढिली. थंडीत आवाज जास्त का, ते पण लक्षात आलं. गार तेल घट्ट असतं, पंपाला ते ओढायला जोर पडतो, ओढ वाढली की भेगेतून हवा जास्त येते.

नवीन पाइप मापाचा कापून आणला, दोन स्क्रूच्या क्लिपा, मिळून ३४०. पाइप घेताना तेलाला चालणारा आहे ना विचारून घ्या, पाण्याचा रबरी पाइप तेलाने फुगून खराब होतो. तेलाच्या आणखी दोन बाटल्या घेतल्या.

१२ डिसेंबर

तेल बदली आणि हवा काढणं. साडेतीन तास लागले, त्यातला एक तास जॅकमुळे. घरासमोर जमीन काळी नि भुसभुशीत, जॅकने गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली रुतला आणि गाडी एका अंगाला कलली. तेव्हा खाली कोणी नव्हतं. नंतर बैलगाडीची जुनी जाड फळी खाली टाकली, दोन्ही बाजूंना स्टँड लावले, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, घाई कितीही असो.

क्रम असा ठेवला. डबी काढून जुनं तेल ओतून दिलं. डबीच्या तळाला बारीक जाळी असते, ती माझ्यात काळ्या गाळाने निम्मी बुजलेली, पेट्रोलने धुऊन हवेने फुंकली. रिटर्न पाइप (तेल डबीत परत आणणारा) डबीवरून काढून बाटलीत सोडला, डबीची ती नळी बोळ्याने बंद केली, डबी नव्या तेलाने भरली. पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद, पुतण्या स्टेअरिंगवर, पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे हळूहळू. जुनं तेल बाटलीत येत राहतं, वरून मी नवीन टाकत राहिलो, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. लाल तेल यायला लागल्यावर रिटर्न पाइप परत जोडला आणि इंजिन बंदच ठेवून आणखी वीस वेळा लॉक टू लॉक, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. डबीत बुडबुडे यायचे थांबले तेव्हाच इंजिन चालू केलं, रेस न देता परत दहा वेळा. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदाच्या आत परत आणायचं, तिथं पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो.

घाईत इंजिन आधी चालू केलं तर तेलाचं ताक होतं आणि मग हवा निघायला रात्रभर थांबावं लागतं. आमच्या पुतण्याने सवयीने चावी फिरवलीच होती, ओरडून थांबवला.

१३ डिसेंबर

पहाटे पाच चाळीस. हात कडक झालेले, बोनेटवर दव. गाडी चालू केली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं. घूंऽऽ नाही. आप्पा ओट्यावर शेकोटीजवळ बसलेले, ते म्हणाले, "आज गाडी कण्हली नाही रे." एवढं बरं वाटलं.

टक् मात्र आहेच.

१५ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या गॅरेजला गेलो, मोठं आहे, माणूस अनुभवी. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, स्टेअरिंग हलवायला सांगितलं, पाच मिनिटं ऐकलं नि सांगितलं रॅकमध्ये बुश (दांड्याला आधार देणारी नळी) गेलाय, आवाज तिथूनच येतोय. नवीन रॅक १७,५००, मजुरी २,५००. जुना खोलून दुरुस्त करतात पण तो टिकेल याची हमी नाही. बघायचे २०० दिले.

त्याची बाजू पण सांगतो. आवाज खरंच रॅकमधून आल्यासारखा वाटत होता, मी खाली उतरून ऐकला. पण लोखंड आवाज वाहून नेतं. विहिरीच्या पाइपावर वर ठोकलं की खाली ऐकू येतं तसं. कान सांगतो ती जागा खरीच असेल असं नाही. वीस हजार म्हणजे आमच्यासाठी द्राक्षाच्या एका फवारणी-खताच्या फेरीचे पैसे, त्यामुळे म्हटलं आठवडाभर थांबू.

१८ डिसेंबर

आज सापडलं. सविस्तर लिहितो कारण हीच पद्धत आधी केली असती तर चार तारखेचा खर्च वाचला असता.

गाडी जॅकवर घेतली नाही. चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना दगड. चाकं उचलली की सांध्यावरचा भार जातो आणि बरेच आवाज गप्प होतात, म्हणून भार हवाच. पुतण्याला स्टेअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, पूर्ण फिरवायचं नाही, घड्याळाच्या अकरापासून एकपर्यंत एवढंच, भराभर डावी-उजवी. मी खाली पालथा पडून एकेका सांध्याला नुसता तळहात लावत गेलो. कानाने नाही, हाताने. सैल सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की टक्च्या वेळी एक बाजू आधी हलते नि दुसरी मागून, तो फरक बोटाला लगेच कळतो.

डावा एंड, शांत. उजवा, शांत (नवेच होते). खालचे बॉल जॉइंट, काही नाही. रॅकचे दोन्ही बूट मुठीत धरून आतला सांधा चाचपला, तिथं धक्का येतो पण तो दुसरीकडून आल्यासारखा, बोथट. रॅकला चेसिसवर बसवणारे बुश, एकसंध हलतात, ठीक. इथपर्यंत पाऊण तास गेला, पाठ गार पडली.

मग वर आलो, बोनेट उघडलं. स्टेअरिंगचा कॉलम (चाकाखालचा दांडा) केबिनच्या पत्र्यातून बाहेर येतो आणि तिथून एक छोटा शाफ्ट खाली रॅकपर्यंत जातो. त्याला वर एक नि खाली एक असे दोन क्रॉस (अधिकच्या खुणेसारखे फिरते सांधे) असतात, प्रोपेलर शाफ्टला असतात तसेच पण लिंबाएवढे. वरच्या क्रॉसला हात लावला, मऊ. खालच्याला हात पोचत नव्हता, सायलेंसरचा पाइप मध्ये. एअर फिल्टरची नळी काढून खांद्यापर्यंत हात घातला, दोन बोटं क्रॉसच्या दोन बाजूंना टेकली आणि म्हटलं, "हलव." टक् सरळ बोटात. विंचू डसल्यासारखा हात मागे आला, एवढा स्पष्ट. पुतण्याला खाली बोलवून त्याचा हात घातला, तर तो पण म्हणाला, "काका, हे काय, इथंच तर आहे!"

रॅक ऐकताना आवाज रॅकमध्येच का वाटत होता तेही कळलं, हा क्रॉस रॅकच्या तोंडावरच बसलेला आहे, जेमतेम चार बोटं वर.

१९ डिसेंबर

खात्री करायला एक उपाय केला. डब्ल्यूडी-४० या तेलकट स्प्रेचा डबा (२२०) आणला, त्याला बारीक नळी असते, ती लांबवून फक्त त्या एका क्रॉसच्या चारही टोकांच्या टोप्यांवर फवारलं. बाकी कुठेही नाही. स्टेअरिंग दहा-बारा वेळा फिरवलं, आवाज गायब. विंचूरपर्यंत जाऊन आलो, गायब.

आप्पा म्हणाले झालं ना काम मग आता कशाला खोलतो. पण हे औषध नाही, फक्त तपासणी आहे. हा स्प्रे पातळ असतो, आत जे काही थोडंफार ग्रीस उरलंय ते पण धुऊन काढतो. दोन दिवसांनी आवाज परत आला आणि आधीपेक्षा जास्त आला. नुसतं फवारत राहिलो असतो तर क्रॉस एक दिवस वळणावर अडकला असता.

२२ डिसेंबर, रविवार

शाफ्ट काढला. नवीन पूर्ण शाफ्ट दोन्ही क्रॉससकट २,६५० ला आणला नाशिकहून. नुसता क्रॉस लेथवाल्याकडे दाबून बसवून मिळतो, स्वस्तात, पण काही शाफ्टांत टोप्या कारखान्यातच ठोकून पक्क्या केलेल्या असतात, माझ्यात तशाच होत्या. आणि हा स्टेअरिंगचा सांधा, इथं तो सुटला तर चाक हातात नि गाडी मोकळी. इथं पैसे वाचवावेसे वाटले नाहीत.

काढताना चाकं सरळ करून स्टेअरिंगचं चाक दोरीने सीटला बांधून टाकलं, म्हणजे ते फिरत नाही. दोन्ही टोकांना एकेक आडवा बोल्ट असतो जो शाफ्टची फट आवळतो. वरचा सहज निघाला. खालचा गंजलेला, तो हलेना. एक तास. शेवटी पान्याला पाइप लावून, थोडं आवळायच्या बाजूला थोडं सोडायच्या बाजूला असं करत निघाला. सरळ सोडायच्या बाजूला जोर मारला असता तर मुंडी तुटली असती.

बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय शाफ्ट निघत नाही, नुसता ढिला करून चालत नाही, कारण आतल्या दांड्याला खाच आहे आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. मी आधी नुसता ढिला करून हातोडीने ठोकत बसलो, पंधरा मिनिटं वाया. ती खाच असते ते बरंच आहे, बोल्ट सैल झाला तरी शाफ्ट घसरून निघू नये म्हणून ती आहे.

जुना शाफ्ट ओट्यावर घेऊन बसलो. वरचा क्रॉस चारही दिशांना लोण्यासारखा फिरतो. खालचा एका दिशेला फिरतो, दुसऱ्या दिशेला जरा जाऊन अडतो, जोर लावला की टक् करून सुटतो. तोच आवाज, आता हातात. एका टोपीच्या कडेने कुंकवासारखी बारीक लाल भुकटी बाहेर आलेली. टोपी फोडून काढली तर आतले सुईएवढे रोलर सुटे राहिलेच नव्हते, गंजाने एकमेकांना चिकटून त्यांची एक बांगडी झालेली, ग्रीसचा टिपूस नाही. दांड्यावर रोलरांच्या रेघा उमटलेल्या.

असं का झालं याचा विचार केला. कांदा उतरवल्यावर दर आठवड्याला मी गाडी प्रेशरने धुतो आणि बोनेट उघडून आत पण फवारा मारतो, माती निघते म्हणून. तो फवारा सरळ या क्रॉसवर. वरून सायलेंसरची धग, ग्रीस वितळून गेलं, पाणी राहिलं. आता आत फवारा बंद, हवेने फुंकतो.

एक चूक केलीच. जुन्या शाफ्टवर नि दांड्यावर रंगाने खूण करून ठेवायची होती, ती वरच्या टोकाला केली, खालच्या टोकाला हात पोचत नाही म्हणून राहू दिली.

२३ डिसेंबर

त्या न केलेल्या खुणेचे दोन तास. शाफ्ट बसवून गाडी बाहेर काढली, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे वाकडं. दांड्याला दाते असतात, एक दात इकडचा तिकडे झाला. परत सगळं ढिलं, एक दात फिरवून परत. या वेळी बोल्ट खाचेत बसलाय ना ते आरसा धरून बघितलं. अलाइनमेंट करायची गरज नाही पडली कारण टायरॉडला हात लावलेला नाही. अलाइनमेंटवाल्याकडे टायरॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून देतात, तसं करू नका, दाताची चूक दातालाच सुधारावी.

दोन्ही बोल्ट नवे घातले, मूळच्याच ताकदीचे, ६० रुपये. साधे हार्डवेअरचे बोल्ट इथं अजिबात नाही. किती आवळायचे तो आकडा पार्टच्या दुकानदाराकडून गाडीच्या पुस्तकातून काढून घेतला, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा) ओळखीच्या टायरवाल्याचा आणला. आकडा इथं लिहीत नाही, प्रत्येक गाडीला वेगळा असतो. आवळून झाल्यावर बोल्टच्या मुंडीपासून शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

टक् गेला. गल्लीतल्या गल्लीत वीस वेळा वळवून बघितलं.

२७ डिसेंबर

चारशे किलोमीटर झाले, एकदा चांदवडचा राहूड घाट पण चढलो-उतरलो. पांढरी रेघ अखंड. पण मोठे आवाज गेल्यावर एक बारीक आवाज ऐकू यायला लागला, पेडलांजवळ खर्र खर्र, चाक हळू वळवलं की. हा आधीपासून असणार, टक्च्या खाली दबलेला. कॉलम केबिनच्या पत्र्यातून जातो तिथं रबराचा बूट आहे, तो कोरडा पडून दांड्यावर घासत होता. सिलिकॉन ग्रीस (२५०) बोटावर घेऊन आतल्या कडेला लावलं, गेला. साधं चाकाचं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगून चिकट होतं. दहा मिनिटांचं काम.

खर्चाचा हिशोब आजच मांडला. एंड, मजुरी, अलाइनमेंट २,३१०. तेल तीन बाटल्या १,१४०, पाइप-क्लिपा ३४०. दुसऱ्या गॅरेजचे २००. स्प्रे २२०. शाफ्ट २,६५०, बोल्ट ६०, सिलिकॉन ग्रीस २५०. सगळे मिळून ७,१७०. त्यातले २,३१० वाया, बाकी कारणी लागले. वेळ म्हणाल तर पाच दिवसांचे मिळून वीसेक तास.

११ जानेवारी

द्राक्षाची पहिली गाडी. साठ क्रेट, वरून कागद आणि ताडपत्री. बागेतून रस्त्याला यायला जो कच्चा रस्ता आहे त्यात पाटाजवळ एक काटकोनी वळण, तिथं गाडी जागच्या जागी वळवावी लागते, डिसेंबरात तिथं सगळ्यात जास्त टक् यायचा. मुद्दाम काच खाली करून हळू घेतली. मातीचा आवाज, क्रेट एकमेकांवर सरकल्याचा आवाज, बस्स.

पॅकहाउसला माल उतरेपर्यंत बोनेट उघडून बघितलं. डबीत तेल वरच्या खुणेला, रंग लाल, फेस नाही. रेघ जागेवर. पुतण्याने स्वतःहून इंजिन चालू न करता चाक अकरा ते एक हलवून दाखवलं, मी दोन बोटं क्रॉसवर ठेवली, काही लागलं नाही.